समुद्रापलीकडून आलेले दोन शब्द

सात वर्षं मी रोज सकाळी कुंकू लावताना क्षणभर थांबायची. लावावं की नाही, हेच मला ठाऊक नव्हतं. लागोपाठ दोन उन्हाळे मळ्यातली विहीर आटली, तेव्हा माझे यजमान अमडापूर सोडून मुंबईला गेले आणि तिथून बोटीवर लागले, भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर. कुठल्याशा बंदरातून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं एक पत्र आलं. त्यानंतर काहीच नाही. तहसिलीत अर्ज दिला, तो नागपूरला गेला, आणि तिथून उत्तर आलं की या नावाचा माणूस कुठल्याच यादीत नाही. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि सासूबाई, दोघीच; त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दर मंगळवारी टेकडीवरच्या देवीला जाऊन मी एकच मागायची, त्यांना परत आण. पण सातव्या वर्षी मागताना जीभ अडखळू लागली. देवी ऐकत नव्हती असं मी म्हणणार नाही. मीच मनातून मागेनाशी झाले होते, आणि त्याची मला लाज वाटे.

त्या साली दुसरबीडहून माझा भाऊ आला. "बाई, चाल आता घरी," तो म्हणाला. "कोनाची वाट पाहून राह्यली तू?" मी हो म्हणून बसले. सासूबाईंना सांगायचा धीर मात्र झाला नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. एकदा त्यांचे डोळे दाखवू, थोडं दिसू लागलं की निघू, असं मी मनाशी ठरवलं.

चिखलीला मिशनचा दवाखाना होता. तिथं गेलं की बाटवतात, असं गावात म्हणत. भीतभीतच मी आत्याबाईंना गाडीत घालून नेलं. शांताबाई नावाची आपल्याच भागातली नर्स कागदावर नावं लिहीत होती. माझ्या यजमानांचं नाव मी खालमानेनं सांगितलं. "हायेत का नाही?" तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, "मले माहीत नाही." एवढं म्हणताना मला जे रडू आलं, ते सात वर्षांत आलं नव्हतं.

तिनं मला मोठ्या बाईंकडे नेलं. त्या गोऱ्या होत्या, केस पिकलेले, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. "आमच्या संस्थेची घरं येथे आहेत. येथे आहेत. येथेही आहेत." बोट पुढे पुढे सरकत राहिलं. त्यातली जमीन कोणती आणि पाणी कोणतं, तेही मला कळत नव्हतं. यजमानांचं जुनं पत्र मागवून घेऊन त्यांनी त्या बंदरातल्या संस्थेच्या घरी पत्र लिहिलं. माझ्या धर्माचं त्यांनी काही विचारलं नाही. भावाला मी निरोप धाडला, उत्तर येईपर्यंत थांब.

आत्याबाईंच्या एका डोळ्याला दिसू लागलं. उत्तर यायला मात्र आठ महिने लागले. बाईंचं पत्र चार देश फिरलं होतं. एका घरानं दुसऱ्याला लिहिलं, त्यानं तिसऱ्याला, असं करत ते दूर दक्षिणेकडच्या एका बंदरात पोचलं होतं. बाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि सावकाश सांगितलं. छातीच्या दुखण्यानं यजमानांना बोटीवरून उतरवलं होतं. संस्थेच्या तिथल्या दवाखान्यात ते अठरा दिवस होते. त्यांचं ते एकुलतं पत्र आम्हाला आलं, त्यानंतर वर्षाच्या आतच ते गेले होते.

ज्या बाईनं त्यांची सेवा केली, तिनंच हे लिहिलं होतं. त्यांची भाषा तिथं कुणालाच येत नव्हती. शेवटचे दोन दिवस ते तेच ते बोलत होते, म्हणून तिनं कानावर पडलं तसं आपल्या लिपीत लिहून जपून ठेवलं होतं. कधी कुणी त्यांना शोधत आलं, तर त्याला कळेल म्हणून.

"हे माझ्या ध्यानात येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या आणि अडखळत वाचू लागल्या. "माइले पा हा जो."

शांताबाईनं तोंडाला पदर लावला. आत्याबाई मात्र ताठ बसल्या. "मायले पाहजो," त्या म्हणाल्या. "माया पोरगाच हाय तो." आईला सांभाळ, असं ते मला सांगत होते.

गाडीत बसून आम्ही दोघी अमडापूरच्या वाटेला लागलो. मी पदरानं कपाळ पुसलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मले मालूम हाय, तू भावाकडं जानार होती. जाय माय. तो बोलला म्हनून तू काऊन बांधून घेतं? मी राहीन."

"नाही जात, आत्याबाई," मी म्हटलं. त्या शब्दांपायीच राहिले, असंही नाही. मला मोकळं करायला निघालेल्या त्या म्हातारीला सोडून जाणं माझ्यानं झालं नाही.

पुढल्या खेपेला मोठ्या बाईंनी विचारलं, तिकडे काही कळवायचं आहे का. आत्याबाईच म्हणाल्या, "त्या बाईले लिहा, माया लेकाजवळ तू बसली. माया वाटचं तू केलं." बाईंनी ते लिहिलं, आणि लिहिताना त्यांना चष्मा काढावा लागला.

आत्याबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. शांताबाईनं मला अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहिते आहे. मी मागितलं होतं ते मला मिळालं नाही, आणि ते दुःख अजून जात नाही. पण परक्या मुलखात, परक्या माणसांत, न कळणारे शब्द कुणीतरी जपून ठेवावेत, हे मला मागताही आलं नसतं. आता मी काही ठरवून मागत नाही. काय द्यायचं आणि कुणाच्या हातून, ते देणाऱ्यावर सोडलं आहे. त्या बाईचं नाव पत्राखाली होतं. शांताबाईनं तीनदा म्हणून दाखवलं, माझ्या जिभेला ते वळलं नाही. तिचं भलं होवो, एवढंच मी हात जोडून म्हणते. नावावाचूनही ते तिला पोचत असेल.