गाडी येईपर्यंत

गाडी विकली त्या दिवशी ताईंचे यजमान म्हणाले होते, “सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.” त्या सहा महिन्यांना आता चार वर्षं होऊन गेली होती.

ताई डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून देत. पूर्वी त्या दुकानात बसत नसत. डोंगरापलीकडे सात गावं होती, सात शाळा होत्या, आणि तिथे त्यांची लहानशी पांढरी पेट्रोलची गाडी पाळीपाळीने जाऊन उभी राहायची. मागच्या सीटवर भिंगांची पेटी, अक्षरांचा तक्ता आणि डोळ्याचा दाब मोजायचं मुठीएवढं यंत्र. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली कितीतरी पोरं त्यांनी मागच्या बाकावरून पुढे आणली होती. पोरं संपली की गावातली म्हातारी माणसं रांग लावत. “आलाच आहात तर आमचंही बघा की.” ताई बघत. परतताना खिडकीची काच खाली करून मोठ्याने गात येत. त्यांचा आवाज बेसूर होता, पण गाडीत ऐकायला होतंच कोण!

यजमान नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. माणूस वाईट नव्हता. बोलायला मऊ, हिशोबाला चोख. पण तरुणपणी त्यांनी मोठ्या हौसेने एक बॅटरीची स्कूटर घेतली होती. वर्षभरात ती बनवणारी कंपनीच गाशा गुंडाळून निघून गेली, आणि एका दुपारी अख्ख्या कचेरीच्या देखत त्यांना ती स्कूटर चढावरून ढकलत घरी आणावी लागली. खिडकीखिडकीत हसणारी तोंडं होती. तेव्हापासून दुधाने पोळलेला हा माणूस ताक फुंकून पिऊ लागला, आणि पुढे पुढे तर ताक समोर असूनही नुसता फुंकतच बसू लागला.

“पेट्रोलच्या गाडीला उद्या कुत्रं विचारणार नाही,” ते म्हणाले होते. “आज विकू. विजेवरची येतेच आहे. एकदा भरली की लांब जाणारी आणि आपल्याला परवडणारी.”

ताईंना पटलं होतं. पटलं होतं, हेच त्यांना नंतर जास्त डाचायचं.

पहिल्या वर्षी जी गाडी आली ती अडीचशे किलोमीटर जायची. “पुढच्या वर्षी साडेतीनशेवाली येतेय. आज घेणारा मूर्ख ठरेल.” पुढच्या वर्षी साडेतीनशेवाली आली, पण महाग. “किमती उतरू देत.” उतरल्या, तेव्हा बॅटरीचा नवा प्रकार येणार असल्याची बातमी आली. रोज सकाळी चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून यजमान बातमी वाचून दाखवत, आणि ताई डबा भरता भरता ‘हो का’ म्हणत. शोरूममधल्या पोरींनी त्यांचं नाव ‘थांबासाहेब’ ठेवलं होतं. ते दारातून आत शिरले की एक दुसरीला सांगायची, “आला गं बसथांबा.”

त्यातून घर टेकडीवरच्या वसाहतीत. खाली उतरायला दिवसाला चार बस, शेवटची परतीची सहाला. गाडी ठेवायच्या जागेत यजमानांनी दुसऱ्याच वर्षी भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवून घेतली होती. रिकाम्या फरशीवर तिचा हिरवा दिवा दिवसभर लुकलुकायचा. रविवारी यजमान ती ओल्या फडक्याने पुसायचे. गाडीच्या रंगावरून तर दोघांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. त्यांना राखाडी हवा होता, ताईंना लाल. दोन दिवस अबोला. शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!” ताईही हसल्या. मग आत जाऊन नळ मोठा सोडून उगाचच हात धूत राहिल्या.

बसने जाऊन पाहिलं होतं त्यांनी. चौदा किलोची पेटी घेऊन दोन बस बदलल्या, पहिल्या शाळेत पोहोचल्या तेव्हा बारा वाजले होते. एकला शाळा सुटली. नऊ पोरं तपासून झाली. परतीची बस तीनची, ती चुकली तर मुक्कामच. बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसल्या आणि घरी आल्यावर आठवडाभर कंबर धरून होत्या. पुन्हा काही गेल्या नाहीत. टेकडीच्या पायथ्याशी एक चष्म्यांचं दुकान होतं, तिथे काउंटरवर काम मिळालं. दिवसभर काचेआड उभं राहायचं, ‘ही फ्रेम चेहऱ्याला उठून दिसते’ म्हणायचं. शाळांतून फोन यायचे. ताई सांगायच्या, “गाडी आली की लगेच येते.” हळूहळू फोनही यायचे थांबले.

आणि एक दिवस दुकानात एक तरुण बाई आली. हातात जुना चष्मा.

“ताई, ओळखलंत? मी घड्याळजींची मुलगी.”

ताईंनी ओळखलं. तिसऱ्या शाळेच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसायचे. एकदा ताईंच्या लक्षात आलं होतं, समोरचा बारीक स्क्रू त्यांना अचूक दिसतो, पण बाजूला ठेवलेला चहाचा कप हाताने चाचपडावा लागतो. दाब मोजला तर भलताच वाढलेला. काचबिंदू. ताईंनी त्यांना दवाखान्यात पाठवलं, थेंब चालू झाले. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून म्हातारा थेंब टाळायचा. पण ताई येताजाता दाब मोजायच्या आणि रागवायच्या, म्हणून घालायचा.

“नंबर वाढवून द्या ना,” मुलगी म्हणाली. “हल्ली अगदीच दिसत नाही म्हणतात.”

“थेंब घालतात ना?”

“कुठले घालतात! मी मागे लागले की म्हणायचे, ताई येऊन दाब बघतील, मग ठरवू. तुम्ही याल म्हणूनच थांबले होते ते.” तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. “उजव्याने तर आता उजेडही कळत नाही.”

ताईंनी तो चष्मा हातात घेतला, काचा पुसल्या, परत पुसल्या. या काचांचा नंबर कितीही वाढवला तरी काही होणार नव्हतं. गेलेलं परत येत नाही. हे त्यांनी त्या मुलीला काउंटरवरूनच, शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग हा चष्मा राहू दे असाच?”

“राहू दे. पण उद्याच्या उद्या त्यांना दवाखान्यात ने. डावा अजून वाचेल.”

संध्याकाळी ताईंनी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी फोन बाजूला ठेवून ऐकलं. त्यांचे डोळेही भरून आले, खोटं कशाला सांगा. मग ते ताईंच्या हातावर हात ठेवून म्हणाले, “मार्चमध्ये येतेय गं. या खेपेला नक्की.”

ताईंनी हात काढून घेतला नाही. त्यांना वाटलं, आपण ओरडावं. पण ओरडायचं कुणावर? दार उघडंच होतं, कुणी कुलूप लावलेलं नव्हतं. समोर एक सज्जन माणूस बसला होता, आणि तो खरंच त्यांच्या भल्यासाठीच थांबला होता. श्वास घ्यायला त्या गच्चीत गेल्या. खाली टेकडीचा रस्ता, त्यावरून उतरणारी शेवटची रिकामी बस.

मार्चमध्ये गाडी खरोखरच आली. चारशेऐंशी किलोमीटर जाणारी, आणि किंमत त्यांच्या आवाक्यातली. दोघं शोरूममध्ये गेली. यजमानांनी दारं उघडून मिटून पाहिली, डिकीत डोकं घालून पाहिलं, आणि मग स्टिअरिंगपुढे बसले. त्यांचे खांदे सैल पडले. ताईंना त्यांचा तो तरुणपणीचा चेहरा बऱ्याच वर्षांनी दिसला.

“कुठला रंग लिहू?” शोरूममधल्या मुलीने विचारलं.

“लाल,” यजमान म्हणाले आणि ताईंकडे बघून हसले. मग यजमानांनी सहज विचारावं तसं विचारलं, “आणि ती नवी बॅटरी? तिचं काय झालं?”

मुलगी प्रामाणिक होती, तिथेच घात झाला. “ती अजून वर्ष-दीड वर्षात येईल म्हणतात, सर. आठशेपर्यंत जाईल.”

यजमानांचे हात स्टिअरिंगवरून हळूच खाली आले. “आठशे,” ते म्हणाले.

ताईंना पुढचं सगळं पाठ होतं. त्या “आलेच” म्हणून मागच्या दाराने बाहेर पडल्या. मागे अंगणात एक मेकॅनिक पाण्याचा पाइप धरून एक बुटकी निळी गाडी धूत होता. दारावर पोचे, पुढचा एक दिवा दुसऱ्यापेक्षा पिवळा.

“ही कुणाची?”

“कुणाचीच नाही. नवीच्या बदल्यात देऊन गेलेत. पहिल्या पिढीची आहे, हिला कुणी हात लावत नाही.”

“जाते किती?”

“पूर्वी दीडशे जायची. आता बॅटरी थकलीय. एकशेदहा, चढ असेल तर त्याहून कमी. गावातल्या गावात फिरायला ठीक.”

ताई तिथेच उभ्या राहून मनात जुळवाजुळव करू लागल्या. तिसरी शाळा बासष्ट किलोमीटर. जायला पुरेल, यायला पुरणार नाही.

“घरच्या साध्या प्लगवर भरते?”

“भरते की. पण सावकाश. चार-पाच तासांत साठेक किलोमीटरचं होईल. एवढा वेळ थांबायला कुणाला सवड असते, बाई?”

“मला असते,” ताई म्हणाल्या. “एक शाळा तपासायला मला पाच तास लागतात.”

पैसे त्यांनी स्वतःच्या साठवणीतून भरले. यजमान कागदांवर सही होताना बाजूला उभे होते, पायाखालची फरशी हलल्यासारखे. “अगं, ही तर जुनी पिढी!”

“मी तरी कुठे नवी आहे?”

दुकानाच्या मालकाने गुरुवार मोकळा द्यायचं कबूल केलं. एकच दिवस, त्याहून जास्त नाही. पहिल्या गुरुवारी ताई निघाल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, काच खाली करून गाणं म्हणू. कसलं गाणं! समोर उरलेल्या किलोमीटरचा आकडा दिसत होता, आणि चढावर तो बघता बघता उतरत होता. सत्तर, बासष्ट, पन्नास. पंखा बंद केला. मागून ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते आणि ताई घामाने निथळत, स्टिअरिंग घट्ट धरून, आकड्यावरची नजर न काढता चालवत होत्या. घाटमाथ्यावर एकतीस उरले. उतारावर बॅटरी आपोआप थोडी भरून चार परत मिळाले, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

शाळेच्या मुख्याध्यापिकेने काही न विचारता सामानाच्या खोलीची खिडकी उघडली आणि वायर आत ओढून घेतली. सत्तेचाळीस पोरं झाली. तेरा जणांना चष्मा लागणार होता. एका मुलीने भिंग डोळ्यावर चढताच खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, “झाडाला पानं सुटी सुटी असतात?”

मग ताई कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेल्या. पाऊल जड झालं होतं. घड्याळजी बसले होते, समोर काम नव्हतं. आवाजावरून ओळखलं त्यांनी.

“ताई? या, बसा. गाडी बिघडली होती का हो?”

“नाही. विकली होती.”

“असं होय.”

“नवी येणार होती.”

“मग, आली?”

“नाही,” ताई म्हणाल्या. “जुनीच घेऊन आले.”

घड्याळजींनी मान हलवली, जणू कुणी एखाद्या घड्याळाचं सांगत होतं. ताईंनी डाव्या डोळ्याचा दाब मोजला. दवाखान्यातून आल्यापासून थेंब नियमाने चालू होते, दाब आटोक्यात होता. ताईंनी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, “डावा पुरतो मला. मुलगी स्क्रू उचलून देते.” ताईंनी यंत्र पुसून ठेवलं.

तेव्हापासून गुरुवारी ताई जातात. शाळेत गाडी भरून घेतली की सातांपैकी पाच शाळा एकशेदहात बसतात. यजमान त्यांच्यासोबत अजून एकदाही गेलेले नाहीत, पण बुधवारी संध्याकाळी स्वतः वायर जोडतात, नकाशावर चढ-उतार मोजून कुठे किती आकडा उरायला हवा ते कागदावर लिहून देतात. तो कागद चोख असतो. सकाळी चहासोबत आठशेवालीची बातमीही असतेच.

परवा सहाव्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. ताई पाचव्या शाळेच्या आवारात गाडीत बसल्या होत्या, वायर खिडकीतून आत गेलेली.

“ऐकलं, तुम्ही परत येताय. आमच्याकडे कधी?”

“तिथवर माझी गाडी पोहोचत नाही, बाई,” ताईंनी सांगितलं. “तुमची पोरं या शाळेत आणता येतील?”

“कशाने आणू? इकडे बसच नाही.” बाईंनी विचारलं, “मग आम्ही काय करायचं?”

विचार करते, एवढंच ताई म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी आकडा पाहिला, अठ्ठेचाळीस होता. घरी पोहोचायला साठ हवेत. त्यांनी दार लावून घेतलं आणि तेवढा होईपर्यंत तासभर तिथेच बसून राहिल्या.