वैद्यबुवांचा उजवा पाय

गॅरेजमध्ये त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. त्यात निम्मी थट्टा होती, पण उरलेला निम्मा आदर अगदी चोख होता. वैद्य मनगट धरून नाडी बघतो, हे गाडीची नाडी पायाने बघत. आजारी गाडी आली की वैद्यबुवा ड्रायव्हरच्या सीटवर बसत, उजव्या पायातला बूट आणि मोजा काढून मागे भिरकावत आणि अनवाणी तळवा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवत. मग गाडी रस्त्यावर काढून डोळे असे काही अर्धवट मिटत, की शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या आजारांचा विसर पडे. चौकातून वळसा घालून परत येईपर्यंत निदान तयार. "तिसऱ्या प्लगला ठिणगी नीट नाही," किंवा "पेट्रोलमध्ये पाणी आहे." इंजिन उघडायचं ते केवळ खात्री पटवण्यासाठी, तेही गिऱ्हाइकाची.

एकतीस वर्षं हे चाललं होतं. या काळात त्यांचे डावे बूट झिजून गेले आणि उजवे नव्यासारखे राहिले. बायको म्हणे, "दुकानदाराला विचारा, एकेक देतो का. घरात उजव्या बुटांची पलटण झालीय."

गॅरेज बायकोच्या धाकट्या भावाचं. मेहुणा माणूस सरळ होता, दाजींचा मान राखून होता. पण गेल्या चार वर्षांत त्याने गाडीला जोडायचा स्कॅनर घेतला होता. पडद्यावर बिघाडाचा आकडा उमटतो, तो कोणीही वाचावा आणि तो भाग बदलावा. बोल्ट खोलायला तरणी माणसं होतीच. तेव्हा वैद्यबुवांकडे दुसऱ्या कोणाकडे नाही असं एकच हत्यार उरलं होतं, आणि ते घोट्याच्या खाली होतं.

आणि तेच मुकं होत चाललं होतं. वर्षापूर्वी आधी अंगठा बधिर झाला. मग बोटांखालची गादी. रक्तातल्या साखरेवरच्या गोळ्या त्यांना दिलेल्या होत्या आणि त्या ते, आठवण आली तर, घेतही होते. एकदा ते घरात शिरले, हात धुतले, बैठकीत येऊन बसले, तेव्हा बायकोने विचारलं, "एका पायातली चप्पल दारात काढलीत, दुसरी कोणासाठी ठेवलीय?" त्यांनी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. "विसरलो," ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना कळलीच नव्हती.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पाय गेला तर आपण कोण, याचा हिशोब त्यांनी मनाशी केला होता: मालकाच्या बहिणीचा नवरा. ही काही नोकरी नव्हे. अशा माणसाला खुर्ची मिळते, चहा मिळतो आणि येणारे-जाणारे "काय, बरं आहे ना" म्हणून पुढे जातात.

अशात ती लाल गाडी आली. दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली, जुनी पण देखणी स्पोर्ट्स कार. मालकीण दाताच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोलायला धारदार.

"वेगात असली की सरळ असते," बाई म्हणाल्या. "गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवायला गेलं, की हिसके. पाय थोडा दाबला तर काही नाही. अजून जरासा दाबला, की मागून कोणी ढुशी मारल्यासारखी उडी मारते. माझी मान धरलीय. काल एक पेशंट म्हणाला, डॉक्टर, तुम्हीच खुर्चीत बसा, मी बघतो."

मेहुण्याने स्कॅनर लावला. पडदा कोरा. "दाजी, मशीन म्हणतंय गाडी ठणठणीत आहे."

"मशीनला मान आहे का दुखायला?" म्हणत वैद्यबुवांनी बूट काढला.

गल्लीच्या तोंडापर्यंतही जावं लागलं नाही. हिसका इतका जबर होता की तो तळव्यातूनच काय, दाढेतूनही कळला असता. पण वैद्यबुवांना तो पायात कळला, निदान त्यांना तसं वाटलं, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा ऊर भरून आला. परत आले ते शीळ घालतच. पाय मेला नव्हता. नुसता रुसला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी इंजिनात हवा सोडणारी नळी खोलली. तिच्या तोंडाशी एक गोल झडप असते, थ्रॉटलची. पाय दाबला की ती उघडते. झडपेच्या कडेला काजळीचं काळं कडं जमलं होतं, त्यामुळे ती आधी चिकटून बसे आणि मग एकदम सुटे. ते त्यांनी फडक्याने आणि औषधाने पुसून काढलं. पेडलपासून झडपेपर्यंत जाणारी तार ढिली पडली होती, ती ओढून बेताची केली. हिसका निम्म्यावर आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून जुना काट्याचा मीटर काढला. मेहुणा म्हणाला, "दाजी, आकड्यांचा मीटर आहे की." "आकडे उड्या मारतात, काटा चालतो," वैद्यबुवा म्हणाले. झडप किती उघडली हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायला तिच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. मीटरच्या तारा त्याला लावून त्यांनी झडप केसाकेसाने उघडली. काटा चढला, आणि अगदी सुरुवातीलाच एका जागी मटकन खाली पडून पुन्हा उभा राहिला. वैद्यबुवांनी मेहुण्याला जवळ बोलावून तीनदा दाखवलं. हळू चालवताना झडप रोज तेवढ्याच जागेत घासणार, म्हणून आतली पट्टी तिथेच झिजली होती. तेवढ्या टप्प्यात सेन्सर काहीच सांगत नव्हता आणि टप्पा ओलांडला की एकदम सगळं सांगत होता. स्कॅनरला ही लबाडी कळली नव्हती. नवा सेन्सर बसवला. काटा आता तलावावरच्या होडीसारखा गेला.

झालं होतं. इथेच बाईंना फोन करायचा. वैद्यबुवा फक्त शेवटची फेरी मारायला म्हणून बूट काढून बसले. पहिला गिअर. पाय हलकेच दाबला. काही नाही. अजून जरा. गाडीने उडी मारली.

त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उडी.

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या गाडीचं जे केलं, ते वैऱ्याच्या गाडीचंही कोणी करू नये. इंजिनाखालचे रबरी ठोकळे बदलले. प्लग बदलले. नवाकोरा सेन्सर काढून दुसरा नवाकोरा बसवला. झडप पुन्हा पुसली, इतकी, की तिच्यात बघून दाढी करता आली असती. तार घट्ट केली, ढिली केली, पुन्हा घट्ट केली. मीटरचा काटा प्रत्येक वेळी सरळ चढे, आणि गाडी प्रत्येक वेळी उडी मारे.

मेहुणा एकदा स्वतः फिरवून आला. "दाजी, लोण्यासारखी चाललीय."

"तुझा पाय म्हणजे उखळातलं मुसळ. तुला काय कळणार?"

"तेही खरं," मेहुणा म्हणाला. तो आणखी काही बोलणार होता, पण चावी खुंटीला लावून दुसऱ्या गाडीकडे गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई दवाखाना आटोपून आल्या. वैद्यबुवांनी त्यांना सांगून टाकलं, "अजून नाही झाली. चालवून बघा, कळेल तुम्हाला." ते शेजारी बसले. बाईंनी गाडी गल्लीतून काढली, भाजीच्या गाड्यांमधून नेली, सिग्नलला थांबवली, पुन्हा गोगलगायीसारखी चालवली. गाडी निमूट चालली. वैद्यबुवा पाठ सीटला टेकवून वाट बघत होते. काही आलं नाही.

"अहो, ही झालीय की," बाई म्हणाल्या. "माझी मान तुम्हाला दुवा देतेय."

"नाही. आत आहे अजून. थांबा, दाखवतो."

जागा बदलल्या. वैद्यबुवांनी बूट काढला. गाडीने गचका खाल्ला, मग आणखी एक. "बघा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जवळजवळ आनंद होता. "बघा, म्हणालो नव्हतो?"

बाई रस्त्याकडे बघत नव्हत्या. त्या खाली, पेडलकडे बघत होत्या. "गाडी बाजूला घ्या," त्या म्हणाल्या, तेही अगदी हळू, तोंड उघडलेल्या माणसाशी बोलावं तसं. "पाय वर घ्या. इकडे, माझ्याकडे."

टाचेत एक स्क्रू रुतला होता. नखाएवढा, रबरी पाइप आवळायच्या पट्टीचा. गाडीतली चटई रक्ताने ओली झाली होती, आणि पेडलही. बाईंनी पर्समधून कागदी रुमाल काढले, टाच मांडीवर घेतली आणि दाढ उपटावी तसा स्क्रू उपटला. वैद्यबुवा समोरच्या दुकानाची पाटी वाचत होते.

"दात काढताना पेशंट इतका गप्प बसला की मला बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे इंजेक्शन लागू पडलं. पण तुम्हाला मी इंजेक्शन दिलेलं नाही."

वैद्यबुवा पाय मागे घ्यायला लागले, तो बाईंनी धरून ठेवला.

"हा सकाळपासूनचा असणार. किती दिवस असं आहे?"

"वर्ष झालं."

"साखर?"

त्यांनी मान डोलावली. मग, बाईंना नव्हे, समोरच्या काचेला सांगितल्यासारखं म्हणाले, "पेडल लागलेलं मला कळत नाही. कळेपर्यंत दाबत जातो. कळतं तेव्हा जास्त झालेलं असतं." बोलता बोलताच त्यांना ते ओळखीचं वाटलं. परवा ज्या सेन्सरची खोड त्यांनी काट्यावर पकडली होती, तीच ही खोड. "त्याला बदली मिळते," ते म्हणाले. बाईंना कशाला ते कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. मग बाईंनी स्वतःच गाडी परत गॅरेजला आणली, ती एकदाही न अडखळता.

बाई गेल्यावर मेहुणा हात पुसत आला. वैद्यबुवा स्टुलावर बसले होते, टाचेला पांढरी पट्टी.

"गाडी बरी होती," वैद्यबुवा म्हणाले. "परवाच बरी झाली होती."

"माहीत आहे, दाजी."

"म्हणजे?"

मेहुण्याने फडकं दुमडलं, पुन्हा उलगडलं. "तुम्ही फिरवून आणलेली प्रत्येक गाडी मी नंतर एकदा फिरवतो. सहा महिने झाले. कधी तुम्ही बिघाड नसलेला सांगता, कधी असलेला सुटतो. मी गुपचूप बघून घेतो."

गॅरेजच्या मागच्या अंगाला कोणीतरी हातोडी ठोकत होतं. त्या आवाजाआडून वैद्यबुवांनी हळूच विचारलं,

"तुझ्या ताईला बोललास?"

"ताईनेच मला सांगितलं. एका पायात चप्पल घालून घरात आलात त्या दिवशी. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस."

म्हणजे घरात, दारात, कामावर सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याच्यापासून लपवलं असा एकच माणूस उरला होता, आणि तो दोन दिवस नव्या सेन्सरच्या जागी नवा सेन्सर बसवत होता. दुसरा कोणी असता तर या गोष्टीवर वैद्यबुवा पोट धरधरून हसले असते. "मुसळ म्हणालो तुला," ते एवढंच म्हणाले.

"आहेच की," मेहुणा म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, पायाला सुया टोचल्या आणि प्रत्येक वेळी विचारलं, "आता?" वैद्यबुवा दोनदा खोटं "हो" म्हणाले, तेव्हा सुई टोचलेलीच नव्हती. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा, अनवाणी पाऊल टाकायचं नाही आणि गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बायकोने ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी येईपर्यंत कागद हातातच धरून ठेवला.

आठवड्याने एक गाडी आली, हळू चालवताना अडखळणारी. मेहुणा चालवायला बसला, वैद्यबुवा शेजारी, दोन्ही पायांत बूट. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली.

"किती दाबू?" मेहुण्याने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

वैद्यबुवांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की एकतीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. "इंजिन पकडायच्या आधी तळव्याला एक गुदगुली होते. ती आली की थांब. तिथे गाडी काय म्हणते ते ऐक."

मेहुण्याने दाबलं. गाडी उडाली. मागच्या स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला आणि वर दोन शब्द सुनावले.

"आली का?"

"नाही, दाजी. मला गुदगुल्या होतच नाहीत. ताईला विचारा, लहानपणी तिने पुष्कळ प्रयत्न केले."

"बूट काढ."

मेहुण्याने मुकाट्याने बूट काढला, मोजा काढला, आणि रुंद, पांढरा, कधी ऊन न पाहिलेला पाय पेडलवर ठेवला. "आता सांगा. कशी असते ती? मुंगी चालल्यासारखी? पाण्यात पाय टाकल्यासारखी?"

मुंगी नव्हे. पाणी तर नव्हेच. वैद्यबुवांनी डोळे अर्धवट मिटले आणि ती गुदगुली आठवायला लागले, आधी तळव्यात, मग नुसतीच मनात. ती हजारो वेळा आली होती. आता तिची जागा तेवढी आठवत होती. ती कशी होती ते काही केल्या आठवेना.

"चौकातून वळसा घाल," ते म्हणाले. "हळू. पुन्हा पहिल्यापासून दाब."