शेजारी आलेली दोन पानं

माझे बाबा चाळीस वर्षं पुस्तकांची बांधणी करत होते, पण बांधायला आलेलं पुस्तक त्यांनी कधी वाचलं नाही. वाचत बसलो तर बांधणार कधी, म्हणायचे. पानांचे आकडे तेवढे बघायचे. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा सातवा महिना होता, तरी शिलाईला मी त्यांच्याशेजारी बसायचेच. नुसतं लोळून किती दिवस काढणार?

त्याच सुमारास प्रार्थनाघरातला मोठा धर्मग्रंथ दुरुस्तीला आला. दोरे कुजले होते. बाबांनी तो सगळा उसवून टेबलावर मांडला. ग्रंथात एकमेकांपासून पाचसहाशे पानं लांब असलेली दोन सुटी पानं त्या पसाऱ्यात शेजारी आली, आणि बाबांनी ती वाचली. एकावर होतं, बापाच्या पापाची शिक्षा लेकरा-नातवंडांपर्यंत पोचते. दुसऱ्यावर, बापाच्या पापासाठी लेकराला कुणी धरणार नाही.

त्या दिवसापासून बाबा माझ्या नजरेला नजर देईनात. मी जिना उतरायला लागले की खाली येऊन उभे राहायचे. आई म्हणाली, "कळा बहुतेक यांनाच येणार आहेत." आम्ही दोघी हसलो. ते हसले नाहीत.

शिवायच्या आधी मी आकडे लावले, तर एक पान कमी. शिक्षेचं. विचारलं तर बाबांनी ते सदऱ्याच्या खिशातून काढलं. घडी घालून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत ज्या माणसानं पानाचा कोपराही दुमडू दिला नाही, त्यानं घडी घातली होती.

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी ते एका छापखान्यात बांधणीच्या कामाला होते. तिथं कटिंग मशीनवर काम करणाऱ्या एका काकांची दोन बोटं गेली. सुरक्षेची जाळी काकांनीच काढली, असं ठरलं आणि त्यांचं कामही गेलं. जाळी काढली होती बाबांनी, घाईत. मालकांनी विचारलं तेव्हा त्यांनी बोट काकांकडे दाखवलं.

"आता ते तुझ्या पोटी येईल," बाबा म्हणाले.

मी दुसरं पान पुढे केलं. ते म्हणाले, दोन्ही देवानंच सांगितलंय, मग कुठलं धरायचं? एरवी दुपारभर लाथा मारणारं बाळ त्या दिवशी गप्प होतं. की मलाच कळत नव्हतं? पोटावर हात ठेवून मी देवाचं नाव घेत राहिले, आणि ज्याचं नाव घेत होते त्याचीच मला भीती वाटत होती. संध्याकाळी बाळ हललं. तरी भीती गेली नाही.

सकाळी आम्ही प्रार्थनाघरात ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या आजोबांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी पानाची घडी बोटानं सपाट केली. रागावले नाहीत. म्हणाले, "पहिलं पान बापासाठी आहे, चूक करण्याआधी वाचायचं. दुसरं लेकरासाठी. तू तुझं पान लेकीला वाचून दाखवलंस."

"मी तर चूक करून बसलोय. मग मला कुठलं पान?" बाबांनी विचारलं.

"पान कसलं शोधतोस? तो माणूस आहे ना अजून."

काकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. मीच बाबांचा दंड धरून त्यांना नेलं. दार काकांनीच उघडलं. बाबांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, अडखळत, एकच वाक्य दोनदा म्हणत. काका ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा झाला. आता दार तोंडावर आपटणार, म्हणून मी मागे सरले.

काका आत गेले आणि तीन बोटांच्या हातानं खुर्ची ओढत आणली.

"तू आत ये, बस," ते मला म्हणाले. "अशा दिवसांत उभं राहू नये."

खुर्ची एकच होती. मी बसले. बाबा बाहेर उभे होते. काकांनी त्यांना या म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.