खिडकीतला कप

रिमोट टीव्हीवर रोखून बाई बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "थांबा. काय दिसलं?" पडद्यावरचा माणूस एक पाय उचललेला तसाच थरथरत उभा राहायचा. व्हीसीआर जुना होता ना.

मी त्या शाळेत शिपाई. शाळा कसबा पेठेतली, मराठी. माझं शिक्षण चौथी. पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्या नव्यानेच येत होत्या. तिथे लागलेल्या एका माजी विद्यार्थ्याने घरी नवीन सामान आणलं आणि जुना टीव्ही-व्हीसीआर शाळेला दिला. कपाटाची किल्ली माझ्याकडे, म्हणून आठवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला टीव्ही लावून देणं माझं काम. मग मी दारातच उभा राहायचो. राहा असं कुणी सांगितलं नव्हतं, जा असंही नाही.

नागरिकशास्त्र म्हणजे बाकीच्यांच्या लेखी उरलेल्या वेळात उरकायचा विषय. बाईंचा मात्र नियम कडक. पोरगं म्हणालं, "बाई, वाईट वाटलं," की त्या म्हणायच्या, "वाटलं ते नंतर. दिसलं काय ते सांग." एकदा मलाच विचारलं, "मामा, तुम्हाला काय दिसलं?"

म्हटलं, "काचेवर धूळ."

त्या हसल्या आणि पदराने टीव्हीची काच पुसली.

एके दिवशी परदेशातली फिल्म लावली होती. तिथे काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसवायचे, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. बाईंनी बरोबर नळावर चित्र थांबवलं. "आता आपल्या शाळेत बघा. असं कुठे दिसतं?"

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "मामांचा कप स्टाफरूमच्या खिडकीत असतो. बाकीचे सगळे ट्रेमध्ये."

खरं होतं ते. मी रुजू झालो तेव्हा आधीच्या शिपायाने नुसत्या हनुवटीने खिडकी दाखवली होती. तो गेला, खिडकी राहिली. शिक्षकांपैकी कुणी कधी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांना चहा मीच ओतायचो, ते चालायचं. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी त्यांच्या कडेवर होतो. मान खाली घालायची नाही, हे आमच्या घरचं शिक्षण. आणि तरी मी कप खिडकीत ठेवत आलो. कुणी सांगायच्या आत आपणच ठेवलेला बरा, म्हणजे सांगायची वेळ येत नाही. इतकी वर्षं मी यालाच मान समजत होतो.

तास सुटल्यावर मी बाईंना जिन्यात गाठलं. "बाई, पोरांसमोर माझी कीव नको."

"तिने कीव कुठे केली? दिसलं ते सांगितलं." मग म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्या खोलीत चहा पिते, मामा. मला नाही दिसलं."

"माझा कप हलला तर माझ्या हाताने हलेल. दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

नाहीच लावला. दुसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या कपाशेजारी खिडकीत बाईंचा निळ्या फुलांचा कप. मी तो उचलून ट्रेमध्ये ठेवला. मधल्या सुट्टीनंतर परत खिडकीत. मी परत ट्रेमध्ये. दोन वर्षं हे चाललं. गणिताचे सर विचारायचे, "काय मामा, आज खिडकी कुणाकडे?"

शेवटी मी म्हटलं, "बाई, फार हट्टी आहात तुम्ही."

"हे आपण सांगताय?"

तुम्ही म्हणाल, मग हलवायचा होतास की आपला कप. कसा हलवणार? त्यांच्यादेखत हलवला असता तर त्या जिंकल्या असत्या.

बाई रिटायर झाल्या आणि लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. त्यांचा कप तेवढा खिडकीतच राहिला. सोमवारी मी दोन्ही कप धुतले. सवयीने त्यांचा ट्रेमध्ये ठेवला. खोलीत कुणी नव्हतं. मग त्याच्या शेजारी माझाही ठेवला.

मधल्या सुट्टीत गणिताचे सर घाईत आले. हाताला लागला तो कप त्यांनी पुढे केला. माझा होता. मी चहा ओतला. सर उभ्याउभ्याच प्यायले, "आज साखर कमी आहे, मामा," म्हणाले आणि तासाला गेले.

मी किटली धरून तसाच उभा. "थांबा" म्हणायला बाई नव्हत्या.

मग उरलेला चहा मी निळ्या फुलांच्या कपात ओतला आणि खुर्चीवर बसून प्यायलो. साखर खरंच कमी होती.