पोर्ट ब्लेअर, पाच दिवस

आमच्या सोसायटीत उल्हास खरवंडीकरइतका देश कुणाला माहीत नव्हता, आणि त्यानं स्वतः दिल्ली-ग्वाल्हेरच्या पलीकडे काही पाहिलं नव्हतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात तो क्लार्क होता. काम एकच, सहकाऱ्यांची एलटीसीची बिलं तपासायची. सरकारी नोकराला चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जाऊन यायचं भाडं मिळतं, ती एलटीसी. कोण खरोखर कन्याकुमारीला गेला आणि कोण पानिपतात सासुरवाडीला आठ दिवस लोळून कन्याकुमारीची तिकिटं लावतोय, हे उल्हास बिल हातात घेताच ओळखायचा. मग लाल पेनानं आडवी रेघ, खाली तारीख आणि सही. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

१९९४ साली नोएडाच्या एका नव्या सेक्टरात आम्ही शेजारी शेजारी राहायला आलो. पाणी टँकरनं यायचं आणि बाल्कनीसमोर अजून मोहरीची शेतं होती. मी पहाडगंजला मराठी शाळेत शिकवायचे. जिन्यात मराठी घरं दोनच, त्यामुळे जाणं-येणं रोजचं. उल्हास मला ताई म्हणायचा. त्याची बायको अलकनंदा ग्वाल्हेरची, मुलगी रसिका तेव्हा दहावीत.

अलकनंदानं समुद्र पाहिलेला नव्हता. माहेर ग्वाल्हेरचं, सासर दिल्लीचं, पाहणार कधी? एकदा मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "ताई, एकदा समुद्र बघायचाय यार." उल्हास आत बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं फाईल उघडली. वर लिहिलं, पोर्ट ब्लेअर, पाच दिवस.

मी म्हटलं, "अरे, मुंबईला ने. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी पोचते."

"ताई, चार वर्षांतून एकदा मिळतं. ते मुंबईला जाऊन वाया घालवू? सरकार जिथपर्यंत नेतं तिथपर्यंत जायचं. आणि तिचा पहिला समुद्र गढूळ कशाला? तिकडे तळ दिसतो."

हा हिशेब त्याचा एकट्याचा नव्हता. अख्खी सरकारी दिल्ली असंच बोलायची. मिळतंय तर सगळ्यात लांबचं घ्यायचं. पण बाकीचे लांबचं मिळेना की जवळचं उरकून यायचे. उल्हास अडून बसायचा.

अंदमानची ती राजधानी त्यानं तिथल्या तुरुंगाच्या जिन्यासकट पाठ केली होती. कुठून चढलं की धाप लागत नाही, दुपारी सावली कुठल्या बाजूला असते, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, सगळं लिहिलेलं. सोसायटीतल्या कुणाला कुठेही जायचं असो, उल्हासकडून आराखडा करून घ्यायचे, जाऊन यायचे, आणि फोटो दाखवायला त्याच्याच घरी बसायचे. मी चिडवायचे, "तुझी बोट कधी सुटणार रे?" तो हसायचा.

बोट हाच घोळ होता. त्याच्या हुद्द्याला विमान नव्हतं. मद्रासहून जहाज, तीन दिवस. पंचाण्णव साली रजा मंजूर झाली आणि जहाजाची तारीख बारा दिवसांनी पुढे गेली. रजेचे दिवस आणि प्रवासाचे दिवस जुळले नाहीत तर बिल कापायचं, हा नियम तो स्वतः रोज लावत होता. त्यानं बेत रद्द केला. शहाण्णवला रसिकाची बारावी.

सत्त्याण्णवला अलकनंदा दाराच्या चौकटींना खांदे आपटून घ्यायला लागली. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, आणि बराच जुना. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी, ऑपरेशननं राहिलेली टिकली तर टिकली.

त्या संध्याकाळी मी त्याला बाल्कनीत गाठलं. "उल्हास, उद्या निघ. पुरी, मुंबई, कुठेही. नियम गेले खड्ड्यात."

"आता तर तिला चांगलाच समुद्र दाखवायला हवा ना, ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मला त्याची कणव आली आणि हात उगारावासाही वाटला. मी दोन्हीपैकी काही केलं नाही. तिला मीच मुंबईला घेऊन जाऊ शकले असते. दर मे महिन्यात मी माहेरी दादरला जातच होते. पण नवऱ्यानं एवढी फाईल केलीय, त्यात आपण कशाला पडा, असं मी स्वतःला सांगत राहिले. हे मला अजून टोचतं.

अठ्ठ्याण्णव ऑपरेशनात गेलं. नव्याण्णवला पुन्हा रजा मिळाली, जहाजही मिळालं, आणि निवडणुका लागल्या. सगळ्या रजा रद्द. त्यानंतर अलकनंदा पोळी तव्यावर टाकताना हातानं तवा शोधायला लागली. मग स्वयंपाकच सुटला. दोन हजार एकच्या दिवाळीत मी फराळ घेऊन गेले तेव्हा मी बोलेपर्यंत तिनं मला ओळखलं नाही.

रसिका तोवर गुडगावच्या एका मोठ्या ऑफिसात लागली होती. तिथली मुलं शुक्रवारी ठरवायची आणि शनिवारी विमानात बसायची. जानेवारीत एका रविवारी ती विमानाची तीन तिकिटं घेऊन आली. मी तिथेच होते.

"बाबा, आता ना रजेची तारीख, ना ते बिल. माझ्याकडून. बस, चलो."

उल्हास फाईल घेऊन आला. आठ वर्षांत ती चांगली जाड झाली होती. अलकनंदा सोफ्यावर हात मांडीत धरून बसली होती. म्हणाली, "वाचून दाखवा ना."

तो वाचायला लागला. "पहिला दिवस. सकाळी सात, चहा. साडेनऊ, तुरुंगाची इमारत पाहणे. साडेअकरा, म्युझियम पाहणे. एक, जेवण. साडेतीन, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहणे. साडेपाच, सूर्यास्त पाहणे..." इथे तो अडला.

"आई, समुद्र ऐकता येतो," रसिका घाईनं म्हणाली. "पाण्यात पाय टाकता येतील."

"न पाहिलेल्याचा आवाज नुसता आवाज असतो गं. आपल्या रस्त्यावरून ट्रक जातात, तसाच." ती रागावली नव्हती. मग उल्हासकडे तोंड करून म्हणाली, "अहो, त्यातलं बघायचं बघायचं काढून टाका. बाकी काय राहतं ते वाचा."

उल्हासनं खिशातलं लाल पेन काढलं. बिलांवर मारायचा तशीच सरळ रेघ मारत तो पाच दिवसांची पाच पानं उतरला. मग तो वाचायला लागला.

"सकाळी सात, चहा. एक, जेवण. आठ, जेवण." पुढचं पान उलटलं. "सकाळी सात, चहा. एक, जेवण."

"एवढं तर घरीच होतं की," अलकनंदा म्हणाली.

रसिकानं तिकिटं पर्समध्ये ठेवली आणि आईचा हात धरून बसली. उल्हास शेवटच्या पानाकडे पाहत राहिला. मग सवयीनं त्यानं खाली तारीख घातली आणि सही केली.