दोन हजार बथ, तीन हजार बथ

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय खरा, पण कुठून सुरू करू — आधी कमलमावशीचं सांगतो.

नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग ती घ्यायची. दवाखान्यात आया होती. चाळिशी उलटल्यावर, ओळीखाली बोट धरून, वाचायला शिकलेली. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, जुनी इब्री मापं मुलांना कळावीत म्हणून घरून भांडी आणायची. हा पेला म्हणजे लोग. असे बारा पेले ओतले की हिन — ही छोटी कळशी. अन् अशा सहा कळशा म्हणजे बथ, आपल्या पाण्याच्या जारापेक्षा उलसा मोठा. मुलं भिजायची, हसायची, पण विसरायची नाहीत. आणि मी? कॉलेजात शिकवणारा, मोठ्यांच्या वर्गाचा सर. मला ती मापं येत नव्हती.

एकदा भर वर्गात तिनं मला विचारलं. यरुशलेमच्या मंदिरातल्या पितळी हौदात एका ठिकाणी दोन हजार बथ पाणी मावतं म्हणून लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी तीन हजार. खरं कोणतं? सगळे माझ्याकडे बघत होते. माहीत नाही — एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणालो, मावशी, तुमची ओळ चुकली, दोन्हीकडे दोन हजारच आहे. मागं कुणीतरी हसलं. पान उलटून कुणीच बघितलं नाही.

घरी जाऊन मी बघितलं. दोन हजार. तीन हजार. तिनं बरोबर वाचलं होतं.

पुढच्या रविवारी ती फाटकाशीच थांबली होती. "सर, घरी बघितलं का?"

बघितलं, म्हणालो. दोन हजारच आहे.

ती म्हणाली, "मला तर अजून तीनच दिसून राह्यलंय. म्हंजी माझं वाचणंच खोटं."

तेव्हा तरी? — नाही. मी आत गेलो. लेकरांना चुकीचं शिकवायला नको म्हणून तिनं वर्ग सोडला. तिच्या जागी दुसऱ्या बाईंचं नाव कमिटीत मीच सुचवलं.

अकरा वर्षं झाली. ती आता लातूरला लेकीकडे असते. गेल्या महिन्यात तिथं एका लग्नात भेटली. माझा हात धरून नातीला म्हणाली, हे आमचे सर, लई शिकलेले. नातीनं गीतांचा छापील कागद तिच्यापुढं धरला.

"तूच वाच, माय. मला न्हाई येत."

तिला येत होतं. मी तो कागद घेतला आणि तिला वाचून दाखवला.