एक बोट शेंडा

मने, ये, जवळ सरक अशी. कागदावरून का होईना, पण सरक. आधी चार बोलणी खा. गाझियाबादेत वाढलीस, आता शिकायला दिल्लीत मुनिरक्यात खोली घेऊन राहतेस, आणि मावशी फरीदाबादला, एका मेट्रोच्या अंतरावर. तरी तुझं तोंड मला फोनच्या पडद्यावरच दिसतं. तेही कशासाठी, तर 'मावशी, केस वाढवतेय पण खालून पार विरळ झालेत, कापू की ठेवू' हे विचारायला. मी म्हटलं, शेंडा दाखव, तर म्हणालीस, 'शेंडा म्हणजे काय?' कर्म माझं. अगं, झाडाचं वरचं टोक तो शेंडा आणि वेणीचं खालचं टोक तोही शेंडाच. आता विचारलंच आहेस तर ऐक. वेणीच्या शेवटच्या चार केसांवर जेवढा जीव आमच्या वन्संनी टाकला, तेवढा कुणा आईने एकुलत्या एका लेकरावरही टाकला नसेल.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. हे सांगून ठेवते, नाहीतर तुलाही ते नाव वाटेल. मी जिन्यातून 'वन्सं, चहा झालाय' अशी हाक मारते, ती ऐकून अख्खी सोसायटी त्यांना 'वंशा जी' म्हणते. आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. लग्न केलं नाही, जन्मभर केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींशी संसार केला. आणि त्या सगळ्या काळात डोक्यावर बॉयकट. कारण केस मुळातच असे मऊ नि बारीक, की लहान बाळाचं जावळ बरं. माझ्या सासूबाईंची स्वतःची वेणी मनगटाएवढी जाड, तिच्या शेंड्याला चांदीचा गोंडा, चालताना किणकिणायचा. सरकारी क्वार्टरात मुलांचा हा गोतावळा, सकाळी शाळेची घाई, त्यात ह्या एका लेकीच्या डोक्यावर वेणी ठरेना. मग सासूबाई कात्री घ्यायच्या आणि पोरगी रडली की म्हणायच्या, "केस वाढले ना, की हा गोंडा तुझा." त्या गेल्या तेव्हा गोंडा खरोखरच वन्संकडे आला. केस तेवढे यायचे राहिले.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी वन्संनी केस कापणं बंद केलं. मला म्हणाल्या, "सुमन, आता एकच काम पेंडिंग आहे. आईचा गोंडा माझ्या स्वतःच्या वेणीत. गंगावन लावून नाही." गंगावन म्हणजे खोटे केस गं, तुम्ही एक्स्टेन्शन का काय म्हणता ते. मी सुचवलं होतं एकदा. तीन दिवस माझ्याकडचा चहा बंद होता.

मग जे सुरू झालं ते काय सांगू तुला. फरीदाबादचं बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुनाच. वन्संनी आमच्या आरओचं पाणी केस धुवायला न्यायला सुरुवात केली. आम्हाला प्यायला घोटभर आणि शेंड्याला कळशीभर. आमचे हे एकदा म्हणाले, "ताई, मलाही तहान लागते." त्यावर उत्तर आलं, "तुझी टोकं फुटत नाहीत." जुन्या रेशमी साडीचे उशीचे अभ्रे झाले. पंख्याच्या वाऱ्याने शेंडा तुटतो म्हणून जूनमध्ये पंखा बंद. कांद्याचा रस लावून मेट्रोत बसल्या की आजूबाजूच्या जागा आपोआप रिकाम्या व्हायच्या. वन्संचं म्हणणं, दिल्लीची माणसं अजूनही वयाचा मान राखतात.

थंडीत तर बघायलाच नको. लोकरीची शाल, कोरडी हवा, ते बारीक केस असे ताठ उभे राहायचे की बाई नुकतीच विजेच्या खांबाला शिवून आली असं वाटावं. त्यावर उपाय म्हणून वन्संनी वेणीच्या शेंड्याला लहान बाळाचा मोजा चढवला. पिवळा, त्यावर बदक. मेट्रोच्या तपासणीत पोलीस बाईंनी तो चिमटीत धरला.

"आंटी, इसमें क्या है?"

"मेरा शेंडा."

"शेंडा क्या?"

वन्संना हिंदी शब्द सुचेना. "जो बचा है, वही," म्हणाल्या. पोलीस बाईंनी मोजा उलटा केला, आतून शेवईएवढी एक बट निघाली. त्यांनीच ती हळूच पुन्हा आत घालून दिली बिचारीने.

शेजारच्या भाभीजींचा घोळ तर वेगळाच. वन्सं गच्चीत फोनवर बोलायच्या, "माझे केस काही पुढे सरकत नाहीत गं, किती वर्षं झाली." भाभीजींना त्यातलं 'केस' आणि 'वर्षं' एवढंच कळलं. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "वंशा जी का केस किस बात का है? प्रॉपर्टी का?" मी घाईत होते, म्हटलं, "नहीं जी, सिर का." त्यांनी छातीवर हात ठेवला. "हाय, किसने फोड़ा?" दुसऱ्या दिवशी तीस हजारी कोर्टातल्या कुणा वकिलाचा नंबर घेऊन हजर. वन्संनी नंबर ठेवून घेतला. सरकारी नोकरी केलेली बाई कुठलाही कागद फेकत नाही.

एवढं करून वेणी झाली तरी कशी? वर करंगळीएवढी, मध्ये काडीएवढी आणि खाली सुईच्या नाकातून ओवावी अशी. कमरेपर्यंत पोहोचली हो, नाही म्हणत नाही. पण गोंडा लावला की घसरून खाली. रबर लावलं, दोरा गुंडाळला, गोंडा काही थांबेना. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला मिरवत आल्या, कुंकू लावून घ्यायला वाकल्या आणि गोंडा थेट तिळगुळाच्या ताटात. एका बाईंनी तो हलवा समजून उचललाही होता. दाताशी नेईपर्यंत वन्संनी झडप घातली. सगळ्या हसल्या. वन्सं पण हसल्या, पण लगेच घरी गेल्या.

मी किती वेळा सांगितलं, "वन्सं, खालचं बोटभर काढून टाका. नुसतीच लांबी आहे ती, शेंडा ना बुडखा. कापलंत तर वेणी खालून भरेल, गोंडा राहील."

तर म्हणतात कशा, "सुमन, शेंडा म्हणजे सगळ्यात सीनियर केस. मी सर्व्हिसमध्ये होते तेव्हा उगवलेले. माझ्याबरोबर रिटायर झालेत. म्हाताऱ्यांना असं काढून टाकतात का?"

एवढं ऐकून आमचे हे तर उठून आत गेले, त्यांचीही नुकतीच निवृत्ती झाली होती.

पण पुढच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपणहून खाली आल्या. गोंडा मुठीत. म्हणाल्या, "चल. एक बोट. त्याच्यावर केसभरही नाही." बाजारातल्या पार्लरमध्ये गेलो. त्यांना एका खुर्चीत बसवलं आणि मला म्हणाल्या, "तू बघू नकोस, मला रडू येईल." मग मी शेजारच्या खुर्चीत हनुवटीवरचे आगाऊ केस दोऱ्याने काढून घ्यायला बसले. म्हणजे माझे डोळे मिटलेले, मान मागे, तोंड घट्ट बंद. नुसतं कानावर पडत होतं.

"कितना काटूं, आंटी?"

"एक उंगली."

"इतना?"

"हां, बस एक उंगली."

"पक्का? बाद में मत बोलना."

"अरे बेटा, बोला ना. एक उंगली."

आणि कात्रीचा आवाज आला, कचकन. एवढ्याशा शेवईला एवढा आवाज कसा, हा विचार मनात येतोय तोवर वन्संचा "अगं आई" ऐकू आला. मी डोळे उघडले. ती मुलगी तर्जनी उभी धरून उभी होती, नखापासून मुळापर्यंत. वन्संनी आपली तर्जनी आडवी धरलेली. एकीचं बोट उभं, एकीचं आडवं, आणि मध्ये फरशीवर शेंडा. मुलगी रडकुंडीला आली, "आपने ही तो बोला, आंटी." वन्संनी खाली बसून तो शेंडा गोळा केला, पिवळ्या मोज्यात घातला आणि मोजा पर्समध्ये.

घरी आल्यावर जेवल्या नाहीत. माझ्या पलंगाच्या कडेला पाठ करून बसून राहिल्या. मी कंगवा घेतला. "खाली बसा," म्हटलं. बसल्या. मऊसूत केस, हातात घेतल्यासारखे वाटतच नाहीत. मी तिपेडी घालायला लागले आणि बघते तर काय, पेड खालपर्यंत सारखे. वेणी आखूड झाली होती, पण खाली निमुळती होऊन मरत नव्हती. कोवळ्या भेंडीएवढं का होईना, टोक होतं. मी गोंडा लावला. हात काढला. राहिला. "मान हलवा," म्हटलं. हलवली. किणकिणला. वन्संनी पुन्हा हलवली, मग उठून सगळ्या खोल्यांतून मान हलवत फिरून आल्या, बैलपोळ्याच्या बैलासारख्या.

परत येऊन बसल्या तेव्हा आवाज वेगळा होता. म्हणाल्या, "सुमन, माझी वेणी कुणी घातलीच नव्हती गं. इतकी वर्षं मीच मागे हात वळवून घालायची. आईला कधी वेळच झाला नाही."

मी म्हटलं, "सोडून पुन्हा घालू का?"

"घाल," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला वन्सं नुसत्या माना वेळावत होत्या. कुणी काही विचारलं नाही तरी हो, नाही करायच्या. भाभीजींनी मिठाई आणली होती. "वंशा जी इतनी खुश! केस निपट गया क्या?" वन्सं म्हणाल्या, "हां जी, निपट गया. थोड़ा देना पड़ा." भाभीजींनी मान डोलावली. कोर्टात समझोता म्हणजे असाच, त्यांच्या भावाचाही असाच झाला होता म्हणे.

तेव्हापासून दर रविवारी वन्सं कंगवा, तेल आणि गोंडा घेऊन खाली येतात आणि माझ्याकडे पाठ करून बसतात. पण मने, आता माझीच बोटं आखडायला लागलीत. पेड घट्ट येत नाहीत, गोंडा परत घसरतो. त्या उचलून मुठीत धरतात आणि म्हणतात, "राहू दे, घाई कुठे आहे." काल मात्र विचारत होत्या, ती तुझी बारीक केसांची भाची, तिला वेणी घालता येते का.

तेव्हा ये. ह्या रविवारी ये. केस कापून आलीस तरी चालेल, फक्त बोट आडवं दाखव. मेट्रोतून उतरलीस की फोन कर, मी भात टाकते. वन्सं कंगवा घेऊन पायरीवर बसतील, पाठ करून.